जागल्या

रोज लागणाऱ्या वस्तूंची बडदास्त घरात आपोआप राखली जाते. पोळपाट डुगडुगू लागला की चार दिवसांत तो सुताराकडे जातो, चष्म्याची काडी मोडली की आपण त्याच संध्याकाळी दुकान गाठतो. त्यांच्यावाचून आपले अडते ना! खरी उपेक्षा होते ती अडीअडचणीसाठी म्हणून ठेवलेल्या वस्तूंची. माळ्यावरची दोरी, दाराआडची काठी, उशाखालची विजेरी. त्या आहेत एवढ्यावर आपले समाधान असते. दोरी कुजली आहे काय, विजेरीतले सेल पाझरले आहेत काय, हे संकट उंबऱ्यावर येईपर्यंत कुणी पाहत नाही. राखीव वस्तूची परीक्षा आणि तिची गरज या दोन्ही गोष्टी बहुधा एकाच क्षणी येतात, आणि तिथेच घोटाळा होतो.

आमच्या साताऱ्याच्या घरात जिन्याखाली अशीच एक राखीव वस्तू बसलेली आहे. वीज गेल्यावर घर चालविणाऱ्या इन्व्हर्टरची बॅटरी. काळी, चौकोनी, दोघांनी धरल्याशिवाय न हलणारी. तिच्याकडे पाहून कुणाला वाटणार नाही की हिच्या पोटात एवढे रसायनशास्त्र भरले आहे. गास्ताँ प्लाँते नावाच्या फ्रेंच शास्त्रज्ञाने १८५९ साली शिशाचे दोन पत्रे, मध्ये कापड घालून, गुंडाळले आणि सौम्य गंधकाम्लात बुडवून त्यांत वीज भरली. ती पुन्हा काढता येते, आणि काढलेली पुन्हा भरता येते, हे त्याने दाखविले. इतक्या वर्षांत पत्र्यांच्या जागी जाळ्या आल्या, नळ्या आल्या. पण शिसे तेच, आम्ल तेच, आणि एकेका घराचे दोन व्होल्टही तेच. आमच्या पेटीत अशी सहा घरे आहेत, म्हणून ती बारा व्होल्टची.

मला या पेटीविषयी जरा अधिक जिव्हाळा आहे, कारण माझी सारी हयात हिच्या थोरल्या बहिणींच्या सहवासात गेली. मी १९७२ साली टेलिफोन खात्यात चिकटलो आणि माझी नेमणूक एक्स्चेंजच्या बॅटरी रूममध्ये झाली. वरच्या मजल्यावर यंत्रांचा खडखडाट आणि ऑपरेटर मुलींची लगबग. खाली आम्ही दोघेतिघे आणि लाकडी घडवंचीवर ओळीने मांडलेली चोवीस भांडी. प्रत्येक भांडे दोन व्होल्टचे, म्हणजे सगळी मिळून अठ्ठेचाळीस. गावातल्या प्रत्येक टेलिफोनला बोलण्यापुरती वीज जायची ती याच भांड्यांतून. म्हणून तर वादळात सारे गाव अंधारात बुडाले तरी टेलिफोन चालू असे. लोकांना तो चमत्कार वाटे. आम्ही खाली बसून त्या चमत्कारात पाणी घालीत असू.

तिथली एक गंमत सांगतो.  एक्स्चेंजमध्ये धन टोक जमिनीला जोडतात. का, तर ओल्या जमिनीत तांब्याच्या तारांना गंज चढतो तो धन बाजूला. तारा ऋण ठेवल्या की त्या वाचतात. असले शहाणपण कुणा एका माणसाचे नसते, तारा कुजत गेल्या तसतसे ते साचत गेलेले असते. तसाच आमचा रोजचा नेम. सकाळी आठला चाव्या घ्यायच्या, पंखा लावून कोंडलेला हायड्रोजन बाहेर घालवायचा, बिडी खिशातच ठेवायची, आणि काचेची नळी आम्लात बुडवून त्याची घनता पाहायची. १२१० आली की भांडे भरलेले. चोवीसांतले एक भांडे ‘पायलट’ म्हणून नेमलेले असे. त्याची नाडी रोज, बाकीच्यांची आठवड्याने. आकडा रजिस्टरात चढवायचा आणि खाली सही करायची. त्या रजिस्टरातल्या कितीतरी पानांवर एकच आकडा सरळ रेघेत उतरलेला असे. ती पाने कंटाळवाणी दिसत. पण गावातल्या कुणाचाही फोन अर्ध्या रात्री अडला नव्हता, हा त्यांचा अर्थ होता.

हे सगळे पुन्हा आठवायचे कारण माझ्या वहिनी. मी सात वर्षांचा असताना आई गेली आणि मला वाढविले ते वहिनींनी. त्या तेव्हा जेमतेम सतरा वर्षांच्या नववधू होत्या. रोज दिवेलागणीच्या आधी राखेने कंदिलाची काच पुसून, त्यातले रॉकेल हलवून बघून, त्या कंदील माझ्या पाटाशेजारी ठेवीत. परीक्षा जवळ आली की अभ्यास संपेपर्यंत तेल पुरेल की नाही, हे त्या नुसत्या हाताने तोलून सांगत. आज त्या पंचाऐंशी वर्षांच्या आहेत. दादा गेले, माझी पत्नीही गेली. पुतण्या आणि त्याची मुलगी बंगळूरला. या घरात आता मी आणि वहिनी. चाळीस वर्षे चुलीचा धूर गिळलेल्या त्यांच्या फुफ्फुसांनी तीन वर्षांपूर्वी असहकार पुकारला, आणि डॉक्टरांनी घरी ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर ठेवायला सांगितला.

२०२१ च्या उन्हाळ्यात हा शब्द किती घरांत अचानक येऊन बसला, ते वाचकांना आठवत असेल. पलंगाशेजारी लहानशा कपाटाएवढे यंत्र उभे असते. ते खोलीतलीच हवा ओढते, तिच्यातला नायट्रोजन अडवते आणि उरलेला प्राणवायू नळीवाटे नाकाशी पोचवते. सिलिंडरसारखे ते रिते होत नाही. मात्र ते विजेवर चालते. वीज गेली की ते किंचाळते खरे. पण ते किंचाळते तेव्हा प्राणवायू थांबलेलाच असतो.

म्हणून जिन्याखालची बॅटरी ही आमच्या घरात पंख्यादिव्यांची चैन राहिली नाही. मी कागद घेऊन हिशेब मांडला. यंत्र तीनशे वॅट खाते. बॅटरी दीडशे अँपिअर-तासांची. बाराने गुणले की अठराशे. तीनशेने भागले तर सहा तास यायला हवेत. पण इन्व्हर्टर स्वतःचा वाटा कापून घेतो, बॅटरीतून भराभरा वीज उपसली तर ती पुरती देत नाही, आणि तळ खरवडला तर तिचे आयुष्य सरते. म्हणजे नव्या बॅटरीचे घरगुती तास तीन, फार तर सव्वातीन. त्यानंतरसाठी कोपऱ्यात एक भरलेला सिलिंडर. वहिनींना मिनिटाला दोन लिटर लागतात. सिलिंडरात दीड हजार लिटर. म्हणजे बारा तास. एवढे सगळे असूनही एक प्रश्न उरला. रात्री तीनला बॅटरी संपत आली, हे मला सांगणार कोण?

बंगळूरची नात दिवाळीला आली, तेव्हा तिने हातावर मावणारी एक डबी आणून बॅटरीला जोडली. ती दर मिनिटाला बॅटरीचा दाब आणि तापमान मोजते, वीज आहे की नाही ते पाहते, आणि काही बिनसले की मोबाईलवर कळविते. आम्ही कौतुकाने चहा घेतला. पण कारखान्यातून येतानाच त्या डबीत होत्या नव्हत्या तेवढ्या सूचना चालू करून ठेवलेल्या होत्या. वीज क्षणभर लवली, की घंटा. पंप सुरू झाला, की घंटा. दुपारी जिन्याखाली उकडले, की घंटा. चार दिवसांनी वहिनी म्हणाल्या, “भाऊजी, तुमच्या त्या डबीला कुणीतरी लांडग्याची गोष्ट सांगा हो. रोज लांडगा आला म्हणते. खरा येईल तेव्हा आपण दोघेही घोरत असू.”

एवढे नेमके मला तांत्रिक भाषेत मांडता आले नसते. मग मी आणि नात रजिस्टर घेऊन बसलो आणि प्रत्येक सूचनेला एकच प्रश्न विचारला: तू वाजलीस तर मी उठून काय करू? जिला उत्तर नव्हते, तिला रजा दिली. उरल्या मोजक्या. वीज जाऊन पाच मिनिटे झाली की पहिली. ती ऐकून मी पंखा आणि टीव्ही बंद करतो, म्हणजे सगळी वीज यंत्राला मिळते. भार चालू असताना दाब ११.८ वर आला की दुसरी. तेव्हा वहिनींची नळी सिलिंडरला जोडायची. ११.२ वर तिसरी. ती माझ्याकडून आवरली जात नाही असे समजून दुसऱ्या कुणाला तरी उठविण्यासाठी. इन्व्हर्टर साडेदहाला हात टेकतो, म्हणून आमची शेवटची हाक त्याच्या बरीच आधी. आणखी दोन सूचना दिवसाच्या. वीज असूनही दाब तेरावर चढत नसेल, तर बॅटरी भरली जात नाही आहे. आणि पेटी चाळीस अंशांवर तापली, तर तिला वारा हवा. शिशाच्या बॅटरीला दहा अंश जास्त उष्णता सतत मिळाली, तर तिचे आयुष्य जवळजवळ अर्धे होते.

आकडे ठरविणे सोपे गेले. अवघड गेले ते हाक कुणाला मारायची हे ठरविणे. पुतण्याचे म्हणणे, पहिली सूचना आपल्याला हवी. आई आहे ती. त्याचे मन मला कळते. पण बंगळूरला बसून रात्री तीनला त्याने करायचे काय? तळमळायचे आणि मलाच फोन करायचा. ज्याला कळते त्याला करता येतेच असे नाही. आणि शेजारच्या भिंतीपलीकडे ज्याला करता येते, त्याला कुणी कळवीत नाही. शेजारचा मुलगा तालमीत जातो. सिलिंडर तो घागरीसारखा उचलतो. मी त्याच्या आईकडे गेलो आणि विचारले, “रात्री-अपरात्री याला उठवले तर चालेल का?” त्या माउलीने मला चहा दिला आणि म्हणाली, “काका, विचारता काय? त्याचं बारसं वहिनींनी केलंय.” दुसऱ्या दिवशी त्या मुलाला मी सिलिंडरची किल्ली फिरवायला शिकविले. मागच्या दाराची एक चावी आता त्यांच्या खुंटीवर असते. माझ्या नोकरीत अशी यादी वरून छापून येई. इथे मात्र एकेका नावामागे मला कुणाच्या तरी दारात उभे राहावे लागले, आणि त्याचे मला बरे वाटले.

आता बॅटरीच्या खोटेपणाविषयी. स्वस्थ बसलेली बॅटरी १२.७ व्होल्ट दाखविते. म्हातारी झालेलीही दाखविते. डॉक्टर समोर आले की “काही नाही, बरी आहे मी,” असे म्हणणाऱ्या बायका प्रत्येक घरात असतात. त्यातलाच हा प्रकार. तिचे खरे वय भार घातल्यावरच कळते. म्हणून मी एका फळीवर साठ वॅटचे पाच जुने दिवे बसविले. ते मिळून वहिनींच्या यंत्राएवढीच वीज खातात. महिन्यातल्या दुसऱ्या रविवारी वहिनींचे यंत्र थेट भिंतीच्या विजेवर घ्यायचे, इन्व्हर्टरची वीज बंद करायची, दिवे लावायचे, आणि दाब ११.२ वर येईपर्यंत घड्याळ लावून बसायचे. वहिनींना हा सोहळा आवडतो. त्या फळीला ‘भाऊजींची दिवाळी’ म्हणतात आणि पलंगावर बसून तांदूळ निवडतात. पहिल्या रविवारी तीन तास दहा मिनिटे भरली. दीड वर्षाने अडीच तास. या मार्चमध्ये एक तास पन्नास मिनिटे. दुकानदार म्हणाला, “अजून वर्षभर काही होत नाही, काका.” त्याच्या हिशेबी पंखा फिरत होता, माझ्या हिशेबी श्वास. पावसाळ्याआधीच आम्ही बॅटरी बदलली.

तरीही एक शंका मला सोडीत नव्हती. सूचना आली नाही, म्हणजे सर्व ठीक आहे काय? की सूचना देणाराच मेला आहे?

माझ्या लहानपणी आमच्या गावात जागल्या असे. काठी आपटीत, हाक देत तो रात्री फिरायचा. मी एकदा वहिनींना विचारले होते, “चोर दिसला नाही, तरी हा ओरडतो कशाला?” वहिनी म्हणाल्या होत्या, “मी जागा आहे, एवढंच तो सांगतो. त्याची हाक ऐकली की लोक कूस बदलून झोपतात. नाही ऐकू आली की उठून बसतात.” जुन्या पत्रांचेही तसेच नव्हते का? “इकडील सर्व खुशाल” या ओळीत बातमी कुठलीच नसे. पण ती ओळ पंधरा दिवस आली नाही, तर सारे घर बेचैन होई.

मी नातीला म्हटले, “तुझ्या डबीला रोज सकाळी सातला खुशाली कळवायला शीक म्हणावं.” ती हसली; पण तिने ते केले, आणि वर एक शहाणपणाची गोष्ट केली. ती म्हणाली, “आबा, न आलेलं पत्र माणसाच्या लक्षात येत नाही. आठ दिवसांनी तुम्हीच विसराल.” म्हणून खुशाली आता आधी बंगळूरला तिच्या संगणकाकडे जाते, आणि सव्वासातपर्यंत ती पोचली नाही तर तो संगणक मला फोन करतो. पाहारेकऱ्यावर नजर ठेवणारा दुसऱ्या गावी असावा, म्हणजे एकाच अंधारात दोघेही सापडत नाहीत. निरोपाची वाटही आम्ही दुहेरी ठेवली आहे. घरचे इंटरनेट बंद पडले तर डबीतल्या सिमकार्डावरून साधा संदेश जातो. मोबाईलच्या मनोऱ्याखालीही अठ्ठेचाळीस व्होल्टच्याच बॅटऱ्या असतात, हे सांगताना मला उगीचच घरचे माणूस भेटल्यासारखे झाले.

मे महिन्यात एका सकाळी तो फोन आला. घरात वीज होती, यंत्र गुरगुरत होते, वहिनी चहाची वाट पाहत होत्या. इन्व्हर्टरवर हिरवा दिवाही होता. जिन्याखाली वाकून पाहिले तर डबी मेलेली. उंदराने तिची तार कुरतडली होती, आणि शेजारच्या जाड तारेच्या वेष्टणालाही सुरुवात केली होती. त्या दिवशी तारा लोखंडी नळीत घातल्या. वहिनींनी उंदराला शिव्या देऊ दिल्या नाहीत. “गणपतीचं वाहन आहे,” म्हणाल्या, “पण त्याला म्हणावं, आमच्या दारात नको.”

जूनमध्ये मग खरा लांडगा आला. रात्री अकराला वादळ झाले, कुठेतरी झाड तारांवर पडले, आणि गल्ली काळी झाली. पाच मिनिटांनी पहिली हाक. मी पंखा बंद केला. दोनच्या सुमारास दुसरी. कंदिलाच्या उजेडात नळी सिलिंडरला जोडली, किल्ली फिरविली, काट्याकडे पाहिले. वहिनी जाग्या होत्या. त्यांनी माझे मनगट धरले आणि विचारले, “पुरेल का?” हा प्रश्न त्या कंदिलातल्या तेलाविषयी स्वतःला विचारीत, आणि उत्तरही त्याच देत. या वेळी उत्तर माझ्याकडे होते. “दुपारपर्यंत पुरेल,” मी म्हणालो. त्यांनी मनगट सोडले आणि खरोखरच झोपल्या. वीज सकाळी साडेसहाला आली. तिसरी हाक वाजलीच नाही. शेजारच्या मुलाला सगळे कळले ते दूध आणायला निघाल्यावर. तो माझ्यावर जरा रागावला देखील, आपल्याला उठविले नाही म्हणून.

३० आणि ३१ जुलै २०१२ ला उत्तर आणि पूर्व भारताची वीज गेली, तेव्हा कोट्यवधी लोक अंधारात होते. १२ ऑक्टोबर २०२० ला सकाळी मुंबईची गेली. लोकल जागच्या जागी उभ्या राहिल्या. असल्या मोठ्या अंधारांच्या चौकशा होतात, अहवाल लिहिले जातात. घरातल्या लहान अंधाराची चौकशी कुणी करीत नाही. ती आपली आपणच आधी करून ठेवायची असते. आमच्या बायका ती पिढ्यान्‌पिढ्या करीत आल्या आहेत. नवरात्रात नऊ दिवस दिवा तेवत ठेवायचा, तर रात्री उठून तेल घालणारे कुणीतरी घरात असतेच. वात केव्हा सरसावायची, तेल किती उरले म्हणजे उठायचे, हे त्यांना डबीवाचून कळते.

आज सकाळी सातला खुशाली आली. १३.६ व्होल्ट, एकोणतीस अंश, वीज चालू. मी नेहमीप्रमाणे ती वहीत उतरविली आणि खाली सही केली. वहिनी पलंगावरून पाहत होत्या. “भाऊजी,” त्या म्हणाल्या, “रोज तेच तर लिहिता. कंटाळा नाही येत?”

मी म्हटले, “येतो ना. देव करो, आणि आणखी पुष्कळ वर्षं येवो.”

त्या हसल्या, नळी सारखी केली, आणि चकलीची भाजणी दळून आली का, म्हणून विचारू लागल्या.